प्रयोगांचा कीर्तनकार : मायकेल फॅरेडे

देहू आणि आळंदी या दोन क्षेत्रांच्या मध्ये पिंपरी-चिंचवडची औद्योगिक नगरी वसली आहे. तेथून उत्तरेस चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागलेली दिसते. तेथे रात्रंदिवस यंत्रे चालतात. लेथवर लोखंड तासले जाते, सरकत्या पट्ट्यावरून मोटारींचे सांगाडे पुढे जातात आणि क्रेन मणावारी ओझी लीलया उचलते. या साऱ्या धडपडीच्या मुळाशी विजेची मोटर असते, आणि मोटरला लागणारी वीज ट्रान्सफॉर्मरमधून, म्हणजे रोहित्रातून, येते. बटण दाबणाऱ्या कामगाराला कदाचित ठाऊकही नसेल, पण या दोन्ही साधनांचा उगम एकाच माणसाच्या मेजावर झाला. पाऱ्याने भरलेली एक वाटी आणि तारेचे वेढे दिलेले एक लोखंडी कडे, एवढीच ती सामग्री होती. तो माणूस एका लोहाराचा मुलगा होता. मोठमोठे शोध लावल्यानंतरही, दरवर्षी नाताळच्या सुटीत मुलांना समोर बसवून सृष्टीचे नियम प्रयोगांनी दाखवण्यात त्याला धन्यता वाटे.

मायकेल फॅरेडे याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन येथे झाला. त्याचे वडील जेम्स हे लोहारकाम करीत. परंतु प्रकृती साथ देत नसल्यामुळे भट्टीपुढे रोज उभे राहणे त्यांना जमत नसे. घरात चार मुले होती. १८०१ साली इंग्लंडात धान्याचे भाव भडकले, तेव्हा लहानग्या मायकेलला आठवड्याला एक पाव मिळे आणि त्यावर त्याला सात दिवस काढावे लागत. शाळेत तो वाचणे, लिहिणे आणि थोडा हिशेब एवढेच शिकला. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून राहिला. घरोघर वर्तमानपत्रे नेऊन द्यायची आणि एका घरचे वाचून झाले की ते परत आणून दुसऱ्या घरी पोचवायचे, हे त्याचे काम होते. पुढच्या वर्षी रिबोने त्याला काही फी न घेता पुस्तकबांधणीचे काम शिकण्यास ठेवून घेतले. ही उमेदवारी सात वर्षांची होती.

दारिद्र्याने ज्याच्यापुढे शाळेचे दार लावून घेतले होते, त्याच्या हाती आता पुस्तकांचे ढीग येऊ लागले. बांधणीला आलेली पुस्तके तो नुसती शिवीत नसे, वाचीतही असे. ब्रिटानिका विश्वकोशाच्या एका खंडात विजेवरील लेख त्याच्या दृष्टीस पडला. जेन मार्सेट या विदुषीने रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तकही त्याने असेच वाचून काढले. वाचलेले खरे आहे की नाही हे आपल्या हातांनी पाहिल्याशिवाय त्याचे समाधान होत नसे. मिळतील त्या पैशांतून त्याने बाटल्या व रसायने आणली, घर्षणाने वीज उत्पन्न करणारे एक लहानसे यंत्र तयार केले आणि पुस्तकातले प्रयोग एकामागून एक करून पाहिले. पुढे आयुष्यभर टिकलेली सवय त्याला येथेच जडली. जे करून पाहिलेले नाही ते आपल्याला कळले, असे तो कधी मानीत नसे.

लंडनमध्ये त्या वेळी टेटम नावाचे गृहस्थ विज्ञानावर सायंकाळी व्याख्याने देत. प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग पडे. मायकेलजवळ तो नसे. लोहारकाम करणारा त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट तो देई. घणाचे घाव घालून मिळवलेला हा शिलिंग धाकट्या भावाच्या विद्येसाठी खर्च झाला, ही गोष्ट फॅरेडेच्या चरित्रात सहसा एका ओळीत सांगितली जाते. तिचे मोल त्याहून मोठे आहे.

१८१२ साली नशीब उघडले. रिबोच्या दुकानात येणाऱ्या डान्स नावाच्या एका गृहस्थाने या जिज्ञासू मुलाला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील चार व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. व्याख्याते होते सर हम्फ्री डेव्ही, त्या काळचे इंग्लंडातील सर्वांत नामांकित रसायनशास्त्रज्ञ. त्यांचे व्याख्यान ऐकण्यास उमरावांच्या गाड्यांची रीघ लागे. वरच्या सज्जात, घड्याळाच्या वरच्या बाजूस, हा विशीतला पुस्तकबांध्या जीव एकवटून ऐकत बसे. ऐकलेले सर्व त्याने टिपून घेतले, घरी येऊन सुवाच्य अक्षरात उतरवले, उपकरणांच्या आकृत्या काढल्या आणि आपल्याच हातांनी त्याची उत्तम बांधणी केली. वर्षाच्या अखेरीस तो ग्रंथ त्याने डेव्हींकडे पाठवला आणि विज्ञानाच्या सेवेत एखादे काम मिळावे अशी विनंती केली. डेव्हींनी त्याला भेटीस बोलावले. पण हातचा धंदा सोडू नये असाच सल्ला प्रथम दिला. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतील मदतनिसाला भांडणापायी कामावरून काढावे लागले. १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे त्या जागेवर रुजू झाला. माडीवरच्या दोन खोल्या, कोळसा, मेणबत्त्या आणि आठवड्याला सुमारे एक गिनी पगार त्याला मिळू लागला.

मदतनिसाचे काम व्याख्यानापूर्वी उपकरणे मांडणे, व्याख्यान चालू असता ती हाताशी देणे आणि नंतर धुऊन ठेवणे हे होते. दुसरा एखादा एवढ्यावर थांबला असता. फॅरेडे मात्र व्याख्यात्याबरोबर श्रोत्यांकडेही पाही. कोणत्या क्षणी मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते, कोणत्या प्रयोगाला माना उंचावतात, व्याख्याता श्रोत्यांकडे पाठ करून फळ्याशी बोलू लागला की काय घडते, हे सर्व तो बारकाईने न्याहाळी. त्याच वर्षी ॲबट नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याने व्याख्यानकलेचा जणू एक लहानसा ग्रंथच रचला. दालनात हवा खेळती असावी, उपकरणे शेवटच्या रांगेतूनही दिसावीत, एका तासाहून अधिक बोलू नये, आणि जेथे मेजावर वस्तू दाखवता येते तेथे नुसत्या वर्णनावर भागवू नये, असे त्याचे सांगणे होते. तेव्हा त्याचे वय एकवीस वर्षांचे होते आणि त्याने स्वतः अद्याप एकही व्याख्यान दिलेले नव्हते.

आपल्याकडे कीर्तनकाराला हे सांगावे लागत नाही. पूर्वरंगात तत्त्व मांडावे, उत्तररंगात आख्यान लावून ते श्रोत्यांच्या मनात ठसवावे, आणि टाळ-मृदंगाने त्यांना जागे ठेवावे, ही त्याची परंपराच आहे. फॅरेडेला अशी परंपरा आयती मिळाली नव्हती. त्याने वक्तृत्वाच्या एका शिक्षकाकडे पैसे भरून धडे घेतले. पुढे नावाजलेला वक्ता झाल्यावरही तो व्याख्यानाच्या वेळी समोर दोन पत्रे ठेववीत असे. बोलण्याचा वेग वाढला की सावकाशीची आठवण देणारे पत्र साहाय्यक त्याच्यापुढे सरकवी, आणि तास संपत आला की वेळेचे. बोलणे जितके सहज वाटे, तितकी त्यामागे तयारी असे.

दरम्यान त्याचे संशोधन चालूच होते. १८२१ साली त्याने पाऱ्याच्या वाटीत चुंबक उभा करून, वीज वाहत असलेली तार त्याभोवती गोल फिरत राहते हे दाखवले. विजेच्या मोटरीचा हा पहिला अवतार होता. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्याला तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळून त्याने पाहिले, की एका वेटोळ्यातील वीज सुरू किंवा बंद करताच दुसऱ्यात क्षणभर वीज उमटते. रोहित्र या तत्त्वावर चालते. चुंबक हलवून वीज निर्माण करण्याची युक्ती त्याला त्याच वर्षी साधली, आणि त्यातून जनित्र जन्मास आले. द्रावणातून किती वीज वाहिली म्हणजे किती धातू साठतो, याचे नियम त्याने १८३३-३४ मध्ये शोधले. भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत सुट्या भागांवर जस्ताचा किंवा निकेलचा मुलामा चढवताना आजही हाच हिशेब धरावा लागतो. एवढे शोध लावणाऱ्या या माणसाला उच्च गणित येत नव्हते. त्याच्या कल्पनांना गणिताची भाषा पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने दिली.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळातील व्याख्यानमाला १८२५ साली सुरू झाली. फॅरेडेने तिच्यात प्रथम १८२७ साली भाग घेतला, आणि १८६० पर्यंत अशा एकोणीस माला त्याने गुंफल्या. अर्धवर्तुळाकार पायऱ्यांच्या त्या दालनात मुले दाटीवाटीने बसत आणि मोठी माणसे त्यांच्यामागे. १८५५ साली राणी व्हिक्टोरियाचे पती आपल्या मुलांना घेऊन आले होते. पण फॅरेडेचे बोलणे असे ते समोरच्या मुलांशी.

चुंबकाचे बळ सांगायचे तर आकडे सांगून मुलांना काय कळणार? फॅरेडे शेगडीजवळची कोळशाने भरलेली लोखंडी बादली उचलून प्रचंड विद्युत्-चुंबकाकडे भिरकावून देई. ती खणकन जाऊन चिकटे. पाठोपाठ शेगडीतली सळई जाई, चिमटा जाई, आणि सारे दालन हास्याने व टाळ्यांनी भरून जाई. वीज बंद करताच लोखंडावरची ती पकड नाहीशी होते. भंगाराच्या आवारात विद्युत्-चुंबक लावलेली क्रेन लोखंडाचा ढीग उचलते आणि हव्या त्या ठिकाणी सोडून देते, तेव्हा हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर चाललेला असतो. फक्त तेथे टाळ्या वाजवायला कोणी नसते.

काही प्रयोगांत त्याने स्वतःलाच मेजावर मांडले, असे म्हणावे लागेल. १८३६ साली त्याने व्याख्यानगृहात बारा फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा एक पिंजरा उभारला. लाकडी चौकटीवर तारा व धातूचा पत्रा लावून त्याचा जमिनीशी संबंध तोडला होता. यंत्राने त्या पिंजऱ्याला विजेचा भार इतका दिला, की बाहेरच्या अंगाने ठिणग्या उडू लागल्या. फॅरेडे पेटत्या मेणबत्त्या आणि वीज मोजण्याची नाजूक उपकरणे घेऊन आत गेला. आत विजेचा मागमूसही लागला नाही. धातूने वेढलेल्या पोकळीत बाहेरच्या विजेचा प्रभाव पोचत नाही, हे त्याने स्वतः आत उभे राहून सिद्ध केले. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मोटारीचे पत्र्याचे छप्पर आणि बाजू मिळून असाच एक पिंजरा होतो. वादळात आकाशातून वीज कोसळली, तर बंद मोटारीत बसलेला मनुष्य उघड्या माळावरच्या माणसापेक्षा पुष्कळच सुरक्षित असतो, याचे कारण हेच.

परंतु त्याच्या सर्व व्याख्यानांत अजरामर ठरली ती मेणबत्तीवरची. १८६० च्या नाताळात, वयाच्या सत्तरीला टेकलेल्या फॅरेडेने सहा व्याख्याने केवळ एका मेणबत्तीवर दिली. विषयाची निवडच पाहावी. चुंबक आणि विजेची यंत्रे गरिबाच्या घरी नसतात. मेणबत्ती त्या काळी घरोघर होती. वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते, हे दाखवण्यासाठी त्याने मिठाचा एक लहान खांब निळ्या रंगाच्या खारट पाण्यात उभा केला. मुलांच्या डोळ्यांदेखत निळा रंग खांबात वर वर चढत गेला. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात त्याने काचेची नळी धरली, तो तिच्या दुसऱ्या टोकातून वाफ निघू लागली, आणि तिला काडी लावताच तेथे दुसरी ज्योत उभी राहिली. म्हणजे जळते ते मेण नव्हे, मेणाची वाफ. नुकत्याच विझलेल्या वातीच्या धुराला काडी लावली की ज्योत धुरावरून खाली धावत जाऊन वातीला पुन्हा भिडते. हा खेळ आजही कोणी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करून पाहू शकेल.

मेणबत्ती जळताना पाणी तयार होते हे कळल्यावर प्रसंग पाण्याकडे वळला. जाड बिडाच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरून, तोंड घट्ट बंद करून, त्याने ती बर्फ व मीठ यांच्या मिश्रणात ठेवली आणि व्याख्यान पुढे चालू ठेवले. आतले पाणी गोठताना फुगले, तशी ती लोखंडी बाटली फुटली. पत्र्याच्या भांड्यातील पाणी उकळून ते वाफेने भरले, तोंड बंद केले आणि भांडे थंड केले, तेव्हा बाहेरच्या हवेच्या दाबाने ते चेपून गेले. हवा दाबली जाते आणि परत उसळते, हे त्याने बटाट्याच्या चकतीची गोळी उडवणाऱ्या नळीच्या बंदुकीने दाखवले. जत्रेतले हे खेळणे एका जगद्विख्यात शास्त्रज्ञाने हातात घेतले, यात त्याला कमीपणा वाटला नाही. शेवटच्या व्याख्यानात तो मनुष्याच्या श्वासापाशी आला. मेणबत्ती जळते तेव्हा हवेतील प्राणवायू खर्च होतो आणि कर्बवायू बाहेर पडतो. मनुष्य श्वास घेतो तेव्हाही तेच घडते. समोर बसलेल्या प्रत्येक मुलाच्या छातीत तसेच एक मंद ज्वलन चालू आहे, या ठिकाणी त्याने कथा आणून सोडली.

अशा प्रयोगांमागे एक मूक साथीदार होता. अँडरसन हा तोफखान्यातील निवृत्त सार्जंट जवळजवळ चाळीस वर्षे फॅरेडेचा साहाय्यक होता. सांगितलेले काम बिनतक्रार, अचूक आणि एक शब्दही न बोलता करणे हा त्याचा बाणा. एकदा भट्टी पेटती ठेवण्यास सांगून फॅरेडे संध्याकाळी घरी जाण्याचा निरोप द्यायला विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो अँडरसन भट्टीत कोळसा घालीतच उभा! ही गोष्ट फॅरेडे हसत सांगे. परंतु मेजावर प्रत्येक वस्तू नेमक्या क्षणी जागेवर सापडे, ती याच स्वभावामुळे.

या व्याख्यानमालेची एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. तिच्या प्रवेशपत्रांना पैसे पडत, आणि ते सुखवस्तू घरांनाच परवडत. डान्ससारखा कोणी उदार गृहस्थ न भेटलेली लोहारांची मुले त्या दारापर्यंत पोचत नव्हती. ही उणीव काही अंशी छापखान्याने भरून काढली. मेणबत्तीवरची व्याख्याने लघुलेखकाकडून उतरवून विल्यम क्रुक्स याने १८६१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे त्यांची अनेक भाषांत भाषांतरे झाली. फॅरेडेने स्वतःही शाळांचा प्रश्न मनावर घेतला. इंग्लंडातील थोर शाळांत त्या वेळी ग्रीक आणि लॅटिन यांवरच सारा भर असे. १८६२ साली सरकारी आयोगापुढे साक्ष देताना, सृष्टिविज्ञान मुलांना लहानपणापासून शिकवले गेले पाहिजे असा आग्रह त्याने धरला. सुशिक्षित म्हणवणाऱ्या प्रौढ माणसांचे या विषयातील अज्ञान त्याने जवळून पाहिले होते. १८५३ साली लंडनमध्ये मेज आपोआप फिरवण्याचे वेड पसरले होते आणि भले भले लोक त्यात भुताखेतांचा हात मानीत होते. फॅरेडेने एक साधे उपकरण करून दाखवून दिले, की भोवती बसलेल्यांचे हातच, त्यांच्या नकळत, मेजाला ढकलतात.

धन आणि मान यांविषयी तो उदासीन होता. कारखानदारांना सल्ला देऊन मिळणारी मोठी प्राप्ती त्याने संशोधनासाठी बहुतांशी सोडून दिली, सरदारकी नाकारली आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नम्रपणे परत केले. काळाने मात्र त्याच्याकडून एक गोष्ट हिरावून घेतली. चाळिशी उलटल्यापासून त्याची स्मरणशक्ती त्याला दगा देऊ लागली होती. केलेला प्रयोग विसरून तो पुन्हा करण्याची पाळी येई, म्हणून तो प्रत्येक निरीक्षणाला क्रमांक देऊन ते वहीत नोंदवी. मेणबत्तीची माला ही त्याची मुलांसाठीची अखेरची माला ठरली. पुढच्या वर्षी त्याने हे काम सोडले, आणि जून १८६२ मध्ये त्याच दालनात आपले शेवटचे शुक्रवारचे व्याख्यान दिले.

व्याख्यानांची प्रथा मात्र चालू राहिली. ज्या मेजामागे फॅरेडे उभा राही, तेथेच २९ जानेवारी १८९७ रोजी कलकत्त्याचे जगदीशचंद्र बोस उभे राहिले आणि आपल्या हातांनी बनवलेल्या उपकरणांनी त्यांनी विद्युत्-तरंगांचे प्रयोग करून दाखवले. बोसांना ही गोडी कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर लाफों यांच्या सप्रयोग अध्यापनातून लागली होती. दुसऱ्या महायुद्धातील काही वर्षे वगळता नाताळची व्याख्यानमालाही आजतागायत अखंड चालू आहे.

राणीने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात फॅरेडेचे शेवटचे दिवस पत्नी सारा हिच्या सहवासात गेले. बोलणे हळूहळू मंदावले. वादळी ढग आणि सूर्यास्त पाहत तो खिडकीशी बसून राही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी, आपल्या अभ्यासिकेत खुर्चीवर बसला असतानाच त्याचे प्राणोत्क्रमण झाले. त्याच्या इच्छेनुसार लंडनमधील हायगेट येथे गाजावाजा न करता त्याचे दफन करण्यात आले. त्याच्या थडग्यावरील साध्या शिळेवर नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरलेले आहे.